तीन फुल्या

आमच्या विभागीय साहित्य मंडळाचा कार्यवाह या नात्याने महिन्याच्या वाचन-बैठकीत माझ्यासमोर तीन वस्तू असतात: वाचणाऱ्याच्या लेखनाची एक प्रत, घड्याळ आणि इतिवृत्ताची वही. प्रत मागवायची ती केवळ वेळेसाठी. टंकलिखित पूर्ण पान सावकाश वाचायला साधारण तीन मिनिटे लागतात, म्हणजे वीस मिनिटांत जेमतेम सात पाने होतात. तरीही प्रत्येक नवा वाचक बारा पाने घेऊन येतो आणि ‘मी भरभर वाचतो’ असे वर सांगतो. म्हणून दहा मिनिटे कुठे होतील याची खूण मी पेन्सिलीने आधीच करून ठेवतो आणि वाचणारा तिथे पोहोचला की घड्याळाकडे पाहतो. त्या संध्याकाळी सभागृहात दुसऱ्या कोणाकडेही नसलेली गोष्ट माझ्याकडे होती ती या प्रतीमुळेच, आणि मी तिचे काय केले ते सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

आमच्या बैठकीत एक नियम होता: आपले लेखन वाचून झाल्यावर चर्चा संपेपर्यंत लेखकाने एक अक्षरही बोलायचे नाही. हा नियम मीच सुचवला होता. त्याआधीच्या एका बैठकीत एका कवींनी आपली सोळा ओळींची कविता चाळीस मिनिटे समजावून सांगितली होती, आणि शेवटी श्रोत्यांना कविता नकोशी व कवी असह्य झाले होते. जर्मनीत हान्स वेर्नर रिश्टर यांनी १९४७ मध्ये भरवायला सुरुवात केलेल्या लेखकांच्या बैठकांचा दाखला मी तेव्हा दिला. ‘ग्रुप ४७’ या नावाने त्या ओळखल्या जातात. त्यांत लेखक रिश्टर यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून वाचत असे, लगेच त्यावर तोंडी टीका होत असे, आणि लेखकाला स्वतःचा बचाव करण्याची मुभा नसे. त्या खुर्चीला लोक थट्टेने विजेची खुर्ची म्हणत. त्याच बैठकांत १९५२ साली पॉल सेलान यांनी कविता वाचल्या तेव्हा त्यांच्या वाचनाच्या ढंगाची टिंगल झाली होती, आणि ज्या कवितेला पुढे युद्धोत्तर जर्मन कवितेत मानाचे स्थान मिळाले ती तिथल्या अनेकांच्या कानांवरून नुसतीच गेली होती. हा भाग मला ठाऊक होता, पण दाखला देताना मी तो सांगितला नाही. सोयीचा इतिहास सांगण्याची सवय साहित्य संस्थांच्या कार्यवाहांना लवकर लागते.

त्या संध्याकाळी वाचणारे गृहस्थ पासष्टीचे होते. मंडळात सगळे त्यांना काका म्हणत. सहा वर्षे ते शेवटच्या रांगेत बसून ऐकत आले होते. बैठकीच्या उत्तरार्धात जे साखळी-लेखन होते त्यात आपल्या वाट्याच्या चार ओळी मात्र न चुकता लिहीत. कथा वाचण्याची ही त्यांची पहिलीच वेळ. रेघी कागदावर शाईच्या पेनाने लिहिलेली अकरा पाने, अक्षर सुवाच्य, खाडाखोड नाही. अध्यक्षस्थानी पाहुण्या म्हणून एक नावाजलेल्या कादंबरीकार होत्या.

कथा साधी होती. एक बाप सांगतो की मुलाला लांबच्या गावी नोकरीचे बोलावणे आले. ते पत्र त्याने मुलाला न दाखवता ट्रंकेच्या तळाशी अंथरलेल्या कागदाखाली सरकवले. पुढच्या भागात मुलगा सांगतो की बाबा आजारी असताना त्यांची शाल काढायला त्याने ट्रंक उघडली, स्वतःच्या नावाचे पत्र त्याला सापडले, त्यावरची जुनी तारीख त्याने वाचली, आणि पत्र होते तिथेच ठेवून तो बाबांच्या उशाशी येऊन बसला. दोन्ही भाग प्रथमपुरुषी. दोन्ही भागांच्या शेवटी एकच वाक्य होते: ‘कागद सारखा केला आणि ट्रंकेचे झाकण लावले.’ बापाचे वाक्य मुलाच्या तोंडी जसेच्या तसे येते, आणि कथेचा सगळा जीव त्या एका वाक्यात होता. घरी प्रत वाचताना त्या ठिकाणी मी थांबलो होतो आणि वेळेची खूण करायचे काही क्षण विसरलो होतो.

दोन भागांच्या मध्ये त्यांनी तीन फुल्या काढल्या होत्या. त्या सहाव्या पानाच्या अगदी डोक्यावर होत्या.

काका प्रत्येक पान उलटताना अंगठा जिभेला लावत, कागद चिमटीत धरून दोन पाने एकत्र तर आली नाहीत ना हे पाहत, मग पान मागे टाकून पुन्हा वाचू लागत. प्रत्येक वेळी यात चार-पाच सेकंद जात. पाच पाने होईपर्यंत श्रोत्यांचे कान या थांब्याला इतके सरावले होते की सहावे पान उलटताना झालेली शांतता कोणाच्या लक्षातही आली नाही. काकांनी फुल्यांकडे पाहिले असणार, पण फुल्या वाचायच्या कशा? त्यांनी पुढचे वाक्य त्याच आवाजात, त्याच लयीत सुरू केले. कथेतला बोलणारा बदलला, हे त्या सभागृहात फक्त दोघांना कळले.

आपल्या भाषेची या बाबतीत एक गंमत आहे. कथेत एका भागात आई आणि दुसऱ्यात मुलगा बोलत असता, तर ‘मी गेले’ आणि ‘मी गेलो’ यांतला फरक पहिल्या दोन वाक्यांतच कानाला कळला असता. क्रियापदाने फुल्यांचे काम केले असते. बाप आणि मुलगा दोघेही ‘मी गेलो’ म्हणणार. कागदावर डोळ्याला जे पुरते, ते वाचताना आवाजाने भरून काढावे लागते. चार्ल्स डिकन्स यांनी १८५८ पासून स्वतःच्या लेखनाचे तिकीट लावून जाहीर वाचन केले तेव्हा ते छापील पुस्तक जसेच्या तसे वाचत नसत. वाचनासाठी वेगळी प्रत तयार करून तीत काटछाट करत आणि कुठे कसा आवाज लावायचा याच्या सूचना समासात लिहून ठेवत. आम्ही मात्र नव्या वाचकाला ‘मोठ्याने वाचा आणि वेळ पाळा’ याखेरीज काही सांगत नव्हतो.

चर्चा सुरू झाली आणि पहिल्याच वक्त्यांनी विचारले की हा नायक आधी पन्नाशीचा वाटतो, मग अचानक पंचविशीचा कसा होतो. दुसरे म्हणाले की हेच तर कथेचे बलस्थान आहे, कारण नायकाला स्मृतिभ्रंश झाला आहे. पत्र मुलाच्या नावाचे होते हे तो विसरतो आणि ते आपलेच आहे असे समजून पुन्हा लपवतो. या स्पष्टीकरणाने सभागृहात समाधानाची कुजबुज झाली. तिसऱ्या बाईंनी उशाशी बसण्याच्या प्रसंगातले बाबा म्हणजे आजोबा असावेत असे ठरवून तीन पिढ्यांचा उल्लेख केला. मग पाहुण्या बोलल्या, आणि मनापासून बोलल्या. विस्मरणाचा विषय इतक्या संयमाने हाताळलेला आपण क्वचित पाहिला, असे त्यांनी सांगितले आणि एकच सूचना केली: झाकण लावल्याचे वाक्य दोनदा आले आहे, त्यातले एक काढून टाकले तर कथा अधिक बांधेसूद होईल.

मी वहीत लिहिले: ‘स्मृतिभ्रंशाचे प्रभावी चित्रण. पुनरुक्ती टाळावी.’ हे लिहीत असताना माझ्या डाव्या हाताखाली सहावे पान होते आणि फुल्या मला दिसत होत्या.

मी का बोललो नाही, याची कारणे मी नंतर बरीच गोळा केली. नियम लेखकाला बंधनकारक होता, कार्यवाहाला नव्हता. मी हात वर करून ‘इथे निवेदक बदलतो’ एवढे तीन शब्द म्हणू शकलो असतो. पण नियम माझा होता, आणि लेखकाच्या वतीने मीच बोललो असतो तर पुढच्या महिन्यापासून प्रत्येकाने आपला वकील आणला असता, असे मला त्या वेळी वाटले. शिवाय पाहुण्यांच्या बोलण्यानंतर दुरुस्ती सांगणे अवघड होते. तिसरे कारण कबूल करायला वाईट वाटते: चर्चा रंगली होती, आणि रंगलेली चर्चा हे कार्यवाहाच्या कामाचे यश मानले जाते. काका विजेच्या खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसले होते. पुनरुक्तीची सूचना आली तेव्हा त्यांनी नवशिका लेखक हलवतो तशी मान हलवली. मध्यंतरात दोघांनी त्यांचे अभिनंदन केले. त्यांनी आभार मानले आणि कागद घडी करून पिशवीत ठेवले. माझ्याकडे ते आले नाहीत.

उत्तरार्धात साखळी-लेखन असते. याची मूळ कल्पना जपानमधल्या रेंगा या काव्यप्रकारावरून आम्ही उचलली. तिथे अनेक कवी एकत्र बसून आळीपाळीने कडवी रचत. १४८८ मध्ये सोगी, शोहाकु आणि सोचो या तिघांनी मिळून रचलेली शंभर कडव्यांची साखळी त्यांत प्रसिद्ध आहे, आणि पुढे सतराव्या शतकात बाशो या कवीच्या काळात छत्तीस कडव्यांचा प्रकार रूढ झाला. त्याचा मुख्य नियम मला फार आवडतो: प्रत्येक कडव्याचे लगतच्या मागच्या कडव्याशी नाते हवे, पण त्याच्याही मागच्या कडव्याकडे परत जायचे नाही. त्या बैठकीत एक लेखनिक असतो, तो प्रत्येक कडवे वाचून दाखवतो. आमच्याकडे गद्य लिहितात. चार ओळी लिहायच्या, शेवटची ओळ दिसेल एवढाच कागद मोकळा ठेवून बाकीचा दुमडायचा आणि शेजाऱ्याला द्यायचा; प्रत्येकाला तीन मिनिटे. शेवटी सगळा कागद उलगडून मी वाचतो. बहुतेक वेळा हसू येते, क्वचित काही हाती लागते.

त्या दिवशी सतरा जण होते. काकांचा क्रमांक नववा. मी वाचत गेलो. प्रवासाला निघालेला माणूस चौथ्या लेखकापाशी घरी परतला होता आणि सातव्यापाशी त्याच्या घरात वारा सुटला होता. मग काकांचे ओळखीचे अक्षर आले. ‘मी खिडकी लावली. कडी नीट बसली का ते पाहिले आणि झोपलो.’ त्याखाली तीन फुल्या. त्याखाली: ‘बाबांचा डोळा लागल्यावर मी उठलो. कडी आवाज न करता काढली आणि खिडकी उघडली.’

माझे वाचन तिथे थांबले. पुढची ओळ डोळ्यांसमोर होती, आणि मी ती त्याच आवाजात वाचली असती तर काकांनी दीड तासापूर्वी जे केले तेच मी केले असते. मी थांबलेला पाहून पुढच्या रांगेतून कोणीतरी विचारले, ‘अक्षर लागत नाही का?’

‘अक्षर चांगले आहे,’ मी म्हणालो. ‘इथे तीन फुल्या आहेत.’

सभागृहात हशा पिकला. ‘काकांनी शिवी घातली की काय?’ असे एकाने विचारले, कारण छापील मजकुरात शिवीच्या जागी फुल्या टाकण्याची रीत सगळ्यांना माहीत होती. हसू ओसरेपर्यंत काका उठून उभे राहिले. साखळी-लेखनात बोलायला मनाई नव्हती. माझा नियम फक्त पूर्वार्धाला लागू होता.

‘शिवी नाही,’ ते म्हणाले. ‘तिथे बोलणारा बदलतो. आधी बाप, मग मुलगा.’

एवढे सांगून ते खाली बसले. त्यांनी कथेचा उल्लेख केला नाही. या चार ओळी त्यांनी मुद्दाम लिहिल्या, की त्यांच्या मनात दिवसभर बाप-लेकच होते म्हणून त्या तशा उतरल्या, हे मी त्यांना आजवर विचारलेले नाही. मी उरलेल्या ओळी वाचायला घेणार, तेवढ्यात पाहुण्यांनी हात किंचित वर केला.

‘तुमच्या कथेत,’ त्यांनी काकांना विचारले, ‘अशा फुल्या होत्या का हो?’

काकांनी त्यांना उत्तर दिले नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी टेबलावरची प्रत उचलून पाहुण्यांपाशी गेलो आणि सहावे पान त्यांच्यापुढे धरले. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, आधी पाचव्या पानाचा शेवट वाचला, मग सहाव्याची सुरुवात, मग एकदम अकरावे पान काढून शेवटचे वाक्य वाचले.

‘हे वाक्य काढू नका,’ त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने मला उद्देशून त्यांनी विचारले, ‘ही प्रत सुरुवातीपासून तुमच्याकडेच होती?’

‘हो,’ मी म्हणालो.

त्यांनी पुढे काही विचारले नाही. साखळीतल्या उरलेल्या आठ जणांच्या ओळी त्या दिवशी वाचायच्या राहिल्या, कारण पाहुण्यांनी काकांना सहाव्या पानापासून पुन्हा वाचायची विनंती केली. काकांनी पिशवीतून कागद काढले, खुर्चीवर बसून अंगठा जिभेला लावला आणि थांबले. मग त्यांनी ‘आता मुलगा’ असे म्हटले आणि वाचायला सुरुवात केली. मी घड्याळ पाहिले नाही.

घरी जाण्यापूर्वी इतिवृत्ताच्या वहीतल्या माझ्या दोन्ही वाक्यांवर मी रेघ मारली. मंडळाच्या शिरस्त्याप्रमाणे खाडाखोडीशेजारी कार्यवाहाने सही करून कारण लिहायचे असते. सही केली, कारण लिहायला समासात जागा थोडी होती, म्हणून तिथे ‘ऐकण्यात चूक’ असे लिहिले, आणि मग ‘ऐकण्यात’ हा शब्दही खोडून ‘कार्यवाहाची’ असे केले. त्यामुळे त्या एका ओळीला माझ्या दोन सह्या आहेत.