काकांची खंजिरी

दर गुरुवारी मंदिरातल्या भजनाचं मी मोबाइलवरून थेट प्रक्षेपण करतो. आमचं गाव तिवसा तालुक्यातलं, गुरुकुंज मोझरी जवळच, त्यामुळे खंजिरी भजन इथं लहानपणापासून कानावर पडतं. पुण्याला कामाला गेलेली पोरं ते आवर्जून ऐकतात.

दिवाळीनंतर एक रेकॉर्डिंग मी खंजिरीवाल्या काकांना ऐकवलं. दोन मिनिटांत म्हणाले, "हे माही खंजिरी नोय रे बाप्पा. हे तं टिनावर खडे पडल्यावानी वाजून राह्यली."

खरंच होतं. थाप गेली होती, नुसत्या चकत्या किणकिणत होत्या.

माझे हेडफोन बास, म्हणजे खर्जाचा आवाज, फुगवणारे. त्यांत ढोलक इतका घुमायचा की मी रेकॉर्डिंगमधला 100 हर्ट्झच्या आसपासचा खर्ज 6 डेसिबलने कापला. घुमारा हेडफोनचा होता आणि कात्री लागली भजनाला! त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

मला हवे होते फ्लॅट रिस्पॉन्सवाले हेडफोन किंवा स्पीकर. फ्लॅट रिस्पॉन्स म्हणजे एवढंच, की खर्जापासून चकतीच्या झणकारापर्यंत आत जेवढं आलं तेवढंच बाहेर पडावं. खोक्यावरच्या नुसत्या '20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ'वर जाऊ नका. पुढे किती डेसिबल कमी-जास्त हे लिहिलंय का ते बघा, कारण 3 डेसिबल वाढले की आवाजाची शक्ती दुप्पट होते. मित्र म्हणतो, लोक तर मोबाइलवरच ऐकतात, मग एवढा खटाटोप कशाला? अरे, प्रत्येकाच्या मोबाइलचा दोष वेगळा. माझा दोष मात्र सगळ्यांकडे जातो. शिवाय गावातलं नेट बारीक, बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला जाणारा डेटा, कमी ठेवावा लागतो. त्यात चकत्या उगाच चढवल्या की त्यांचा आवाज पाण्यात बुडाल्यासारखा सळसळतो.

नागपूरहून जुने स्टुडिओ मॉनिटर, म्हणजे आवाज न फुगवणारे स्पीकर, आणले. पहिल्या दिवशी फिके वाटले. तरी ढोलक गुरगुरतच होता, आणि या वेळी दोषी होती खोली. दहा फुटी खोलीत 57 हर्ट्झच्या आसपासचा सूर दोन भिंतींमध्ये अडकून फुगतो, त्यात मी स्पीकर कोपऱ्यात ठेवलेले. घरच्या कापसाच्या गाद्या भिंतीला लावल्या. वरच्या सुरांचा घणघणाट थांबला, खर्ज मात्र गादीला जुमानत नाही. स्पीकर कोपऱ्यातून दोन फूट पुढे ओढले, बसायची जागा सरकवली, तेव्हा कुठे तो आटोक्यात आला.

मग तेच मूळ रेकॉर्डिंग, काहीही न कापता, काकांना पुन्हा ऐकवलं. डोळे मिटून ऐकत होते. बोटं मांडीवर चालू. तिसऱ्या अभंगाला थांबले.

"त्या दिशी चामडं जराक ढिलं होतं," म्हणाले. "दव पडलं होतं ना. शेकाले पाह्यजे होतं."