राजवाडा ते सराफा : इंदूरची रात्र खायची कशी

सराफा म्हणजे इंदूरची सराफांची गल्ली, रात्री तिथे खाण्याचा बाजार भरतो. सराफ्यात जाऊन ‘फार गर्दी होती, पोट लगेच भरलं’ म्हणत परतणारे पुष्कळ भेटतात. बहुतेकांची चूक एकच असते: सात वाजता कडकडून भूक लागलेली असताना जायचं आणि पहिल्याच गाडीवर दोन कचोऱ्या हाणायच्या. सात वाजता तिथे सोन्याचांदीच्या पेढ्या उघड्या असतात. त्यांची शटरं खाली आली की त्यांच्याच दारात कढया चढतात. गल्लीला रंग भरतो साडेनऊनंतर. शनिवार-रविवारी अकराला पाय ठेवायला जागा नसते, म्हणून मधल्या वाराची रात्र धरावी.

त्याआधी उजेडात राजवाडा बघून घ्या. होळकरांचा हा वाडा सात मजली आहे, खालचे तीन मजले दगडी आणि वरचे लाकडी. तीनदा आगीत सापडला. शेवटची आग १९८४ ची. मागचा बराच भाग नंतर नव्याने बांधलेला आहे, हे आत फिरताना लक्षात असू द्या. समोरच्या बागेत अहिल्याबाईंचा पुतळा आहे. शेजारचं गोपाळ मंदिर कृष्णाबाई होळकरांनी १८३२ मध्ये बांधलं, आणि कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, म्हणजे होळकरांची स्मारकं, याही चालत जाण्याइतक्या जवळ आहेत. गाडी मात्र या भागात आणूच नका. रिक्षाने राजवाड्यापाशी उतरावं. तिथून सराफा पायी काही मिनिटांवर आहे.

खाताना नियम एकच: चौघांत एक प्लेट. सुरुवात भुट्ट्याच्या किसाने करावी. कोवळी कणसं किसून तुपात मोहरी, हिंग, हिरव्या मिरचीवर परततात, कच्चा वास गेला की थोडं थोडं दूध घालत मंद आचेवर शिजवतात, वर खोबरं, कोथिंबीर, लिंबू. सगळी गंमत कणसाच्या कोवळेपणात आहे. दाण्याला नख लावल्यावर दूध आलं पाहिजे. जून कणसाचा कीस पिठूळ होतो आणि त्याचे गोळे बनतात. कढईतला कीस ओलसर, मोकळा दिसतोय का ते आधी बघा आणि मगच प्लेट सांगा. पावसाळ्यात तो सगळ्यात चांगला मिळतो.

गराडू हा थंडीचा पदार्थ. कंदाचे तुकडे आधी अर्धवट तळून ठेवलेले असतात. मागितल्यावर पुन्हा कडक तळून मसाला आणि लिंबू. दुसऱ्यांदा तळलेले नसतील तर आतून चिवट लागतात, म्हणून ‘अभी तलकर दो’ म्हणायला लाजू नका. निवलेला गराडू खाण्यात अर्थ नाही.

साबुदाण्याची खिचडी आपल्या ओळखीची वाटते, पण ती वेगळीच आहे. भिजवलेला साबुदाणा कढईत परतत नाहीत. उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वाफेवर ठेवतात, त्यामुळे तासन्‌तास मऊ राहतो. मसाला, लिंबू, शेव किंवा मिक्स्चर हे सगळं द्रोणात घालायच्या वेळी मिसळतात. उपवास असेल तर शेव कशाची आणि मसाल्यात काय, हे आधी विचारा.

शिकंजी मागवलीत तर लिंबाचं सरबत येणार नाही. इंदुरी शिकंजी म्हणजे आटवलेलं दूध, केशर, सुकामेवा आणि जराशी आंबट चव. पेला लहान दिसतो, पण तो संपवल्यावर दुसरं काही जात नाही. ती शेवटी घ्यावी, किंवा जलेब्याच्या ऐवजी. जलेबा हा जिलबीचा थोरला भाऊ. एक नग चौघांना पुरतो. पाकातून काढल्या काढल्या खा, पाच मिनिटांत कुरकुरीतपणा जातो. खोबरं भरलेलं पॅटिस आणि दहीवडा मध्ये कुठेही बसतात.

सुट्टे पैसे जवळ ठेवा. मोबाइलवर पैसे घेतात, पण गर्दीत नेटवर्क अडतं आणि मागची रांग खोळंबते.

रंगपंचमीला जाणार असाल तर हिशेबच वेगळा. त्या दिवशी राजवाड्यावरून गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते, यंत्रांनी गुलाल आणि रंगीत पाणी उंच उडवतात, आसपासचे रस्ते वाहनांना बंद. जुने कपडे घाला, फोन प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा, लहान मुलांना कडेच्या एखाद्या गच्चीवरून दाखवा. खाण्याचा बेत त्या दिवशी आखूच नका.