तो डबा टीव्ही अजून का ठेवलाय?

दर गणपतीत कोणीतरी विचारतंच. यंदा भाऊजींनी विचारलं, "सगळ्या गेम मोबाइलवर मिळतात, मग हा २१ इंची डबा कशाला? भंगारवाला नेईल की." तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो भाऊजी, तो टीव्ही बंदुकीसाठी ठेवलाय.

नव्वदच्या दशकात टीव्ही गेमच्या खोक्यात दोन रिमोटांबरोबर यायची ना, ती प्लास्टिकची बंदूक. गेम 'डक हंट', निन्टेन्डोनं १९८४ साली काढलेला. आमच्याकडे अर्थात नक्कल. कॅसेटवर '९९९९ इन १' आणि आत त्याच त्या गेम फिरून फिरून. बदक निसटलं की गवतातून कुत्रा वर येऊन खिदळायचा. त्याच्यावर आम्ही किती गोळ्या झाडल्या! त्याला लागतच नाही.

तेव्हा वाटायचं, बंदुकीतून काहीतरी सुटतं आणि काचेला लागतं. खरं तर उलट. नळीत भिंग आणि त्यामागे उजेड ओळखणारा डोळा, बस. घोडा दाबला की पडदा निमिषभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बदकं दोन असली तर चौकोन एकामागून एक, म्हणजे कोणतं लागलं तेही कळतं. आधी काळोख आणि मग उजेड दिसला तरच नेम लागला. आम्ही बंदूक ट्यूबलाइटवर रोखून बदकं पाडायला बघायचो, एकही पडायचं नाही. का, ते तीस वर्षांनी कळलं. अख्खा गेम २४ केबीचा. काकूंचा सुप्रभातचा फोटो त्याहून मोठा असतो, आणि त्यात लबाडी पकडायची सोय नसते.

पण हे सगळं पिक्चर ट्यूबच्या जिवावर. ट्यूबवर चित्र येईल तसं लगेच रेषेरेषेनं उमटतं. एलईडी टीव्ही ते आधी स्वतःकडे घेतो, ताणतो, मग दाखवतो. तोवर बंदुकीची बघायची वेळ टळलेली. भाच्यानं हॉलमधल्या टीव्हीला जोडून पाहिलं. दहाच्या दहा बदकं उडून गेली. "मामा, बंदूक बिघडलीय." कुठली बिघडतेय!

गेम जपणं म्हटलं की लोकांना फाइल जपणं वाटतं. तीही रड आहेच: अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात विकतच मिळत नाहीत, असं व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या पाहणीत निघालं. डक हंटची फाइल कुठे जात नाही. मोबाइलवर बदकाला बोट टोचून मारताही येतं. त्याला शिकार म्हणायचं तर म्हणा.

मागच्या वर्षी टीव्हीची एलओटी, म्हणजे पिक्चर ट्यूबला जबर व्होल्टेज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर, उडाली. मेकॅनिकनं दुसऱ्या मेलेल्या सेटमधली काढून बसवली आणि जाताना म्हणाला, "ट्यूब गेली तर मला फोन करू नका."

एवढं सांगून भाऊजींच्या हातात बंदूक दिली. पहिली दोन बदकं गेली, कुत्रा हसला. तिसऱ्याला भाऊजी उठले आणि नळी थेट काचेला टेकवून बसले. आम्हीही हेच करायचो.