आमची वाटचाल: उद्यमबागेतला डबा आणि अर्थिंगचा बोल्ट

बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्री, मशीनशॉप आणि हीट ट्रीटमेंटच्या भट्ट्या एकमेकींना खेटून आहेत. आमचा गाळा त्यांच्यातच. आम्ही टेंपरेचर कंट्रोलर बनवतो. भट्टीचं तापमान वाचायचं आणि त्याप्रमाणे हीटरचा कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेवर चालणारा मोठा स्विच, लावायचा-सोडायचा, एवढंच त्याचं काम. सुरुवातीला गिऱ्हाईक चालत जाण्याच्या अंतरावर होतं. पुढे चंदगडकडचे काजूवाले त्यांच्या ड्रायरसाठी विचारू लागले, निपाणी-चिकोडीहून फोन यायला लागले. ‘कम्प्लायन्स’ हा शब्द तेव्हा आमच्याकडे कुणाच्या तोंडी नव्हता. चालतंय की नाही, एवढंच गिऱ्हाईक बघायचं.

हीट ट्रीटमेंटवाल्या एका मामांचा फोन मात्र ठरलेला असायचा. “ओ, शेजारची भट्टी चालू झाली की तुमचा डबा नाचूलालाय बघा!” जाऊन बघितलं तर खरंच आकडा 850 वरून 870 वर, तिथून 840 वर. मोठा कॉन्टॅक्टर सुटला की डिस्प्ले क्षणभर कोरा. के टाइप थर्मोकपल, म्हणजे भट्टीतला तापमानाचा सेन्सर, एका अंशाला जेमतेम 41 मायक्रोव्होल्ट देतं. त्याची वायर हीटरच्या केबलींबरोबर एकाच ट्रंकिंगमधून आणलेली, आणि कॉन्टॅक्टरची कॉइल सुटताना शेकडो व्होल्टचा झटका मारते. कॉइलवर तो झटका गिळणारा आरसी स्नबर लावला, थर्मोकपलची वायर वेगळ्या मार्गाने घेतली, नाच थांबला. सामान म्हणाल तर चहा-नाष्ट्याच्या पैशात आलं.

खरा प्रश्न आला तो आमच्याच एका ओव्हन बनवणाऱ्या गिऱ्हाइकाला युरोपची ऑर्डर मिळाली तेव्हा. कंट्रोलर आमचा, पण त्याला सीई, म्हणजे युरोपात माल विकायला लागणारी खूण, पाहिजे. ही बातमी बाहेर कशी जाते कुणास ठाऊक. आठवड्याभरात ‘पैसे भरा, सर्टिफिकेट मेलवर घ्या’ म्हणणारे दोघंतिघं हजर. असल्या कागदाला विचारतो कोण? आमच्या प्रकारच्या मालाला सीईचं सर्टिफिकेट बाहेरून आणावं लागत नाही. उत्पादकाने स्वतः जाहीर करायचं, खाली सही करायची, आणि चाचण्यांसकट तांत्रिक फाइल दहा वर्षं जपून ठेवायची. सही माझी, म्हणजे मान माझी. युरोपचा ईएमसीचा, म्हणजे विद्युतचुंबकीय गोंगाटाचा, निर्देश 2014/30/ईयू आणि लो व्होल्टेजचा 2014/35/ईयू, दोन्ही 20 एप्रिल 2016 पासून लागू. पहिला विचारतो, तुमचा डबा दुसऱ्याला त्रास देतो का, आणि दुसऱ्याचा त्रास सोसतो का. दुसरा विचारतो, हात लावणारा माणूस सुखरूप आहे का. आमच्या मालाला पहिल्यासाठी 61326-1 आणि दुसऱ्यासाठी 61010-1 ही मानकं लागतात.

चाचणी पुण्यात करायची ठरली. सॅम्पल घेऊन मी रात्रीच्या बसने निघालो. सोसण्याच्या बाजूची बर्स्ट चाचणी मला फार आवडली, कारण ती म्हणजे मामांची भट्टीच. पन्नास नॅनोसेकंदांचे 2 किलोव्होल्टचे काटे, 15 मिलिसेकंदांचा मारा, दर 300 मिलिसेकंदांनी पुन्हा. मामांकडच्या त्या नाचानंतर बोर्डावरही केलेली कामं इथे उपयोगी पडली आणि डबा तग धरून राहिला. अडलं ते त्रास देण्याच्या बाजूला. आतला एसएमपीएस, म्हणजे डब्याला वीज पुरवणारा स्विचिंग पॉवर सप्लाय, मेन्सच्या वायरीवर उलटा गोंगाट सोडत होता. तो 150 किलोहर्ट्झ ते 30 मेगाहर्ट्झमध्ये मोजतात, आणि औद्योगिक मालाची, म्हणजे क्लास ए ची, क्वासी-पीक पद्धतीने मोजलेली मर्यादा 500 किलोहर्ट्झपर्यंत 79 आणि त्यापुढे 73 डीबी-मायक्रोव्होल्ट.

यावर जो तो सांगणार, “मोठा फिल्टर लावा.” फिल्टरमधला वाय कपॅसिटर लाइनवरचा गोंगाट अर्थकडे वळवतो, हे खरं. पण तो 50 हर्ट्झचा करंटही थोडा अर्थकडे नेतोच. 4.7 नॅनोफॅरडला 230 व्होल्टवर सुमारे 0.34 मिलिअँपिअर. माणसाच्या अंगातून जाऊ शकणाऱ्या टच करंटची मर्यादा नेहमीच्या स्थितीत 0.5 मिलिअँपिअर. ईएमसीसाठी कपॅसिटर वाढवत गेलात की सुरक्षेची बाजू बोंबलते. आणि आपल्याकडे खेड्यापाड्यात प्लगच्या तिसऱ्या पिनेला अर्थ असेलच, याची खात्री नाही. तशा ठिकाणी लाइन आणि न्यूट्रल दोन्हीकडून आलेले वाय कपॅसिटर डब्याच्या पत्र्यावर मेन्सच्या निम्मं व्होल्टेज आणून ठेवतात. चंदगडच्या एका काजूवाल्याकडे ड्रायरला हात लावला की मुंग्या येत होत्या, त्यामागे हेच. त्यांच्याकडे अर्थिंगचा खड्डा खणवला आणि मुंग्या गेल्या.

म्हणून आम्ही कपॅसिटर लहानच ठेवले आणि बोर्ड नव्याने आखला. स्विचिंगचा लूप आखूड केला, कॉमन मोड चोक, म्हणजे गोंगाट अडवणारी कॉइल, मेन्स जिथे आत शिरते तिथेच बसवला. तरी 20 मेगाहर्ट्झच्या वर आलेख मर्यादेला घासत होता. तेव्हा प्रयोगशाळेतल्या इंजिनिअरने पॅनेलच्या अर्थिंगच्या बोल्टावर बोट ठेवलं आणि म्हणाला, “हा सोडा बघू.” वॉशरखाली सुंदर, चकचकीत राखाडी पावडर कोटिंग. म्हणजे पत्र्याला अर्थ मिळत होता तो बोल्टाच्या आट्यांतून, जेवढा मिळेल तेवढाच. शिवाय फिल्टरपासून बोल्टापर्यंत फूटभर हिरवी-पिवळी वायर. 50 हर्ट्झला ती वायर म्हणजे काहीच नाही, पण 30 मेगाहर्ट्झला तिचा अडथळा 50 ओहमच्या वर जातो. कानस घेऊन पेंट खरवडला, खाली काटेरी वॉशर टाकला, फिल्टरचं धातूचं अंग थेट उघड्या पत्र्यावर दाबून बसवलं. आलेख खाली आला. सुरक्षेची अर्थ चाचणी, म्हणजे 25 अँपिअर एक मिनिट आणि रोध 0.1 ओहमच्या आत, तीही आता निर्धास्त पास. तेव्हापासून पावडर कोटिंगवाल्याकडे पत्रा जातो तो त्या जागेवर मास्किंग टेप लावूनच. आधी तो कुरकुरायचा. आता टेप नसली तर तोच फोन करतो.

क्रीपेजचं, म्हणजे बोर्डाच्या पृष्ठावरून दोन ट्रॅकमधल्या अंतराचं, थोडक्यात सांगतो. मानकात प्रदूषणाच्या पायऱ्या असतात आणि पायरीप्रमाणे अंतर वाढतं. फाउंड्रीत लोखंडाची बारीक धूळ, खानापूर-जांबोटीकडे पावसाळ्यात चार महिने ओल. कागदावर कमी अंतर चालत असलं तरी आम्ही वरच्या पायरीचं धरतो. मेन्स आणि सेन्सरच्या मध्ये बोर्डात खाच कापतो आणि वर लॅकरचा हात मारतो.

प्रयोगशाळेचं मीटर तासावर पळतं, म्हणून निम्मं काम आता गाळ्यातच उरकतो. एक जुना कॉन्टॅक्टर स्वतःच्याच एनसी, म्हणजे एरवी जोडलेल्या असणाऱ्या, कॉन्टॅक्टमधून जोडला की घंटीसारखा अखंड कडकडतो. त्याची वायर डब्याच्या केबलीला गुंडाळायची आणि डिस्प्लेकडे बघत बसायचं. नियमाच्या पुस्तकात ही चाचणी नाही, पण इथे जो बोर्ड टिकला तो पुण्यात बर्स्टला सहसा पडत नाही. जोडीला एक एलआयएसएन, म्हणजे मेन्सच्या वायरीवरचा गोंगाट मोजायला लागणारी पेटी, तो गोंगाट फ्रिक्वेन्सीप्रमाणे दाखवणारा स्वस्तातला स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझर, आणि कोअ‍ॅक्स वळवून घरीच केलेला प्रोब. गोगटे कॉलेजची मुलं प्रोजेक्टसाठी येतात, त्यांना आधी या घंटीशेजारी बसवतो.

सध्या गिऱ्हाइकांना तापमान मोबाइलवर हवंय. वायफाय आत घेतलं की डबा रेडिओ उपकरण ठरतो. मग युरोपात वरच्या दोन्ही निर्देशांऐवजी 2014/53/ईयू लागतो, आणि नेटला जोडणाऱ्या उपकरणांना 1 ऑगस्ट 2025 पासून त्यात सायबर सुरक्षेच्याही अटी आल्या आहेत. भारतात डब्ल्यूपीसीची, म्हणजे केंद्राच्या वायरलेस खात्याची, ईटीए ही मंजुरी वेगळी. म्हणून निर्यातीच्या मालात आम्ही फक्त आरएस-485 चं, म्हणजे वायरने डेटा नेण्याचं, टोक काढून देतो. वायफायचा डबा वेगळा बनवतोय, त्याची फाइलही वेगळी. पहिला नमुना या महिन्यात मामांच्या भट्टीवर बसवणार आहोत.