जिभेखालचा दोरा

मी तसा गाई-म्हशींचा डॉक्टर. विश्रामबागेत छोटं क्लिनिक आहे, संध्याकाळी तिथं कुत्री-मांजरं बघतो, पण घर चालतं ते सकाळच्या फेऱ्यांवर. कवठेपिरान, दुधगाव, समडोळी या बाजूला कुणाची गाय अडलीय, कुणाच्या म्हशीची वार पडली नाही, कुणाच्या कासेला दगडी झालीय, हेच रोजचं. मांजर कॉलेजात शिकवलं तेवढंच शिकलो, बाकीचं मांजरांनीच ओरबाडून शिकवलं.

जुलैचा शेवट होता. त्या दिवसांत सांगलीत माणसं नमस्कार घालायच्या आधी "आयर्विनला किती झालं?" विचारतात, म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फुटावर गेलं. 40 फूट इशारा, 45 धोका, हे पोराटोरांना पण पाठ, आणि 2019 ला पाणी 57 च्या घरात गेल्यापासून तर जरा जास्तच. तेव्हा माझं क्लिनिक मारुती चौकाजवळ होतं, जुनं एक्स-रे मशीन त्या पाण्यात गेलं म्हणून तर इकडं वर आलो. असो.

तर सोमवारी संध्याकाळी मिरजेहून एक चाचा आले. सतार-तंबोरे करणारं घर, बापजाद्यांपासूनचा धंदा. दुरडीत बोका, वरनं टॉवेल आणि टॉवेलाला सुतळी. बोक्याचं नाव पिंट्या. साडेपाच किलोचं पिवळं धूड, वजनकाट्यावर ठेवलं तर पसरूनच बसलं.

"डॉक्टरसाब, शनिवारपासून काय खाईना झालाय. ताटलीपर्यंत जातो, वास घेतो, जीभ फिरवतो आणि तोंड फिरवून निघून जातो. आणि उलट्या. पहिल्या दिवशी खाल्लेलं पडलं, आता नुसतं पिवळं पाणी."

हे ताटलीपर्यंत जाणं महत्त्वाचं असतं. भूक आहे पण मळमळतंय असा त्याचा अर्थ. पहिला प्रश्न मी विचारला तो म्हणजे घरातली कुठली गोळी दिली का, कारण माणसांची तापाची पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, त्यांच्या लिव्हरला ती पचवताच येत नाही, रक्त चॉकलेटी पडतं आणि अर्ध्या गोळीतसुद्धा जीव जाऊ शकतो. शेजारणीनं गोळी आणून दिली होती म्हणे, पण चाचींनी नशिबानं घातली नाही. हळद घालून दूध मात्र ड्रॉपरनं पाजलेलं, त्यानं जुलाब पण लागलेले. मोठ्या मांजराला दूध सहसा पचत नाही हे मी दिवसाआड कुणाला तरी सांगतो आणि दिवसाआड कुणीतरी पाजूनच येतं, मांजर आणि दूध ही जोडी आपल्या डोक्यातनं काय जात नाही.

ताप 102, म्हणजे मांजराला नॉर्मलच. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू खाली बसली, अंगातलं पाणी कमी झालेलं. पोट दाबलं तर आखडून घेतलं. तोंड उघडलं, दात बघितले, हिरड्या बघितल्या, घसा बघितला. तेवढ्यात समडोळीचा फोन, गाय खाली बसलीय, उठेना, कालच व्यायलीय. मी म्हटलं आलोच. पिंट्याला कातडीखाली सलाईन दिलं, उलटीचं इंजेक्शन दिलं, उद्या फोन करा म्हणून सांगितलं आणि गाडीला किक मारली. गाईला कॅल्शियम लावलं, ती अर्ध्या तासात उठली, मालकानं चहा पाजला, मी खुशीत घरी आलो.

मंगळवारी दुपारी चाचांचा फोन, उलटी परत सुरू. बुधवारी सकाळी सगळ्या फेऱ्या कॅन्सल करून त्यांना बोलावलं. आणि या वेळी मी ते केलं जे सोमवारीच करायला पाहिजे होतं. मांजराचं तोंड नुसतं उघडून जिभेखालचं दिसत नाही. एका हातानं तोंड उघडायचं आणि दुसऱ्या हाताचा अंगठा खालच्या जबड्याच्या दोन हाडांच्या मधल्या मऊ जागेत बाहेरनं वर दाबायचा, मग जीभ वर उचलली जाते आणि मुळाशी काय आहे ते दिसतं. कॉलेजात हे शिकवलेलं, उलट्या करणारं प्रत्येक मांजर, प्रत्येक वेळी. दाबलं. जिभेच्या मुळाशी पांढरी रेघ. दोरा. जिभेला वेढा घालून रुतलेला, आजूबाजूचं मांस लाल, आणि दोन्ही टोकं घशातनं आत गेलेली.

मी कंपाउंडरकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं बघितलं. चाचा म्हणाले, "ओढून काढा की."

नाही ओढायचा. एवढं एकच वाक्य या सगळ्यातनं कुणी लक्षात ठेवलं तरी पुरे. तोंडातनं लोंबू दे नाहीतर मागनं लोंबू दे, दोरा ओढायचा नाही. का, ते चाचांना परकराच्या नाड्यावरनं सांगितलं. नाड्याचं एक टोक धरून ठेवलं की नेफ्यात चुण्या पडत जातात, तसं दोरा जिभेला अडकलाय आणि आतडी आपली नेहमीसारखी तो पुढं ढकलायला बघतायत, मग आतडीच त्या दोऱ्यावर चुण्या होऊन गोळा होतात. आणि नाडा निदान कापसाचा, इथं ताणलेला दोरा करवतीसारखा आतडीच्या आतल्या कडेला घासत राहतो. ओढला तर चिरणार. चिरला की पोटात घाण, मग सेप्टिक, मग काय बोलायलाच नको.

एक्स-रे काढला. आतडी सगळी एका बाजूला गोळा झालेली आणि मध्ये हवेचे छोटे छोटे बुडबुडे, स्वल्पविरामासारखे. पुस्तकात असतो अगदी तसला एक्स-रे. खरं सांगायचं तर इतका क्लासिक एक्स-रे बघून क्षणभर बरं वाटलं आणि मग स्वतःचीच लाज वाटली, कारण हे सोमवारी पकडलं असतं तर दोन दिवस वाचले असते. चाचांना तसं सांगून टाकलं. "माझं बघायचं राहिलं सोमवारी." ते काही बोलले नाहीत. नुसतं "करा आता काय करायचं ते" एवढंच म्हणाले, ते जास्त लागलं.

दुपारी दोनला ऑपरेशनला घेतलं. भूल दिल्यावर आधी जिभेखालचा वेढा कापला, दोरा सुटा केला, मग पोट उघडलं. आतडी बाहेर घेतली तर नेफाच तो, चुण्याचुण्या. दोन ठिकाणी एवढी लाल की आता फाटतंय का मग. एकाच जागेवरनं सगळा दोरा ओढायचा नसतो, म्हणून तीन ठिकाणी छोटे छेद घेतले, प्रत्येक छेदातनं थोडा थोडा सोडवत कापत काढायचा, आणि दोरा निघाला की ती चुणी हळूच आपोआप उलगडते, ते बघायला मात्र भारी वाटतं. मध्येच लाइट गेली. इन्व्हर्टर आहे, पण तो चालू होईपर्यंतची चार-पाच सेकंदं मी बोटात आतडी धरून अंधारात नुसता उभा, बाहेर पत्र्यावर पाऊस आणि आत पिंट्याचा श्वास. भोक कुठं पडलेलं नव्हतं. तुकडे जोडून मोजले तर दोन फुटाच्या वर दोरा भरला.

बाहेर येऊन ट्रे दाखवला. चाचांनी चष्मा वर केला, एक तुकडा चिमटीत धरून बोटावर फिरवला आणि म्हणाले, "हा आमचाच आहे. जवारीचा." तंबोऱ्याची तार जिथं घोडीवर टेकते तिथं तारेखाली बारीक दोरा सरकवतात, तो नेमक्या जागेवर बसला की सूर खुलतो, गुंजायला लागतो. त्याचं रीळ कारखान्यात खाली पडलेलं असणार. पिंट्या दिवसभर तिथंच भोपळ्यांच्या मधे झोपतो. मांजराच्या जिभेवर मागं वळलेले काटे असतात, त्यामुळं एकदा दोरा तोंडात गेला की थुंकता येत नाही, आत आतच जातो. चाचा बराच वेळ तो तुकडा बोटावर गुंडाळत बसले होते. मी म्हटलं फेकून द्या तो.

आता कुणालाही वाटेल ऑपरेशन झालं म्हणजे गोष्ट संपली. मला पण वाटलेलं. खरी कटकट पुढं सुरू झाली, कारण पिंट्यानं खायचं नाव काढलं नाही.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. उलटी बंद, टाके कोरडे, ताप नाही, पण खाणं शून्य. उकडलेलं चिकन, चिकनचं पाणी, कोमट करून, कारण मांजर आधी नाकानं खातं आणि थंड अन्नाला वास नसतो. कंपाउंडरनं घरनं सुकट भाजून आणली, अख्खं क्लिनिक आणि शेजारची झेरॉक्सवाली बाई पण वैतागली, पिंट्यानं बघितलं सुद्धा नाही. शुक्रवारी रात्री घरी पाठवला, म्हटलं आपल्या जागेत खाईल, तर तिथं चाचींनी मायेनं सिरिंज भरून सूप तोंडात घालायला सुरुवात केली. शनिवारी सकाळी सिरिंज नुसती दिसली तरी तो कपाटामागं जायला लागला. हे एक आणखी. मळमळत असताना जबरदस्तीनं भरवलं की मांजर त्या अन्नाचाच राग धरतं, बरं झाल्यावर पण ते खात नाही.

आणि शनिवारीच मला कानाच्या आतली कातडी पिवळसर दिसली. मग हिरड्या बघितल्या. पिवळ्या. चाचा म्हणाले, "सांगलीला येऊन हळद लागली काय ह्याला," हसले पण, आणि मग माझं तोंड बघून गप्प झाले.

कावीळ, लिव्हरमध्ये चरबी साठल्याची. गंमत म्हणजे हा आजार मला मांजरात नवा होता, गाईत रोजचा. जाडजूड गाय व्याली, दूध धो धो सुरू झालं आणि चारा कमी खाल्ला, की अंगावरची चरबी सुटते, लिव्हरमध्ये जाऊन बसते, किटोसिस होतो, आणि मग गाय आणखीच खात नाही. मांजरातही जवळपास तीच तऱ्हा, फक्त त्याला व्यायला लागत नाही, नुसतं तीन-चार दिवस उपाशी राहिलं तरी पुरतं, आणि जाड मांजराला तर धोका जास्त. कुत्रं चार दिवस नाही खाल्लं तरी बऱ्याचदा निभावून नेतं. मांजराचं तसं नाही. आणि यावर औषध काय तर अन्न. खात नाही म्हणून लिव्हर बिघडलंय आणि लिव्हर बिघडलंय म्हणून खात नाही, हे चक्र कुठंतरी तोडायचं म्हणजे नळी.

मिरजेत हॉस्पिटलं एवढी की मेडिकल दुकानात काय मिळत नाही. लहान बाळाची फीडिंग ट्यूब आणायला सांगितली, पाच नंबरची. नाकात भूल देणारे दोन थेंब टाकले, नाकापासून शेवटच्या बरगड्यांच्या अलीकडपर्यंत माप घेऊन खूण केली, हळूहळू सरकवली आणि कपाळावर टाक्यानं धरून ठेवली. आधी थोडं सलाईन सोडून खोकला येतो का बघितलं, वर एक्स-रे काढूनही खात्री केली, फुप्फुसात गेली असती तर संपलंच. नळी ओढू नये म्हणून जुन्या एक्स-रे फिल्मची कॉलर कापून गळ्यात घातली. कुणाच्या तरी कुत्र्याच्या मागच्या पायाचा एक्स-रे होता तो. म्हणजे पिंट्याच्या गळ्याभोवती कुत्र्याची तंगडी, आणि चेहरा असा की मीच ती जाणूनबुजून घातलीय.

साडेपाच किलोच्या मांजराला पडून राहिलं तरी दिवसाला साधारण 250 कॅलरी लागतात. पण उपाशी पोटाला एकदम भरायचं नसतं, रक्तातलं पोटॅशियम, फॉस्फरस घसरतं, म्हणून पहिल्या दिवशी तिसरा हिस्सा, दुसऱ्या दिवशी दोन हिस्से, तिसऱ्या दिवशी पूर्ण. दर चार तासांनी, पातळ फीड, हळूहळू ढकलायचं, नंतर पाच एमएल पाणी म्हणजे नळी तुंबत नाही. हे सगळं मी कागदावर लिहून दिलं आणि मनात म्हटलं हे काय होणार नाय यांच्याकडनं.

चाचांनी केलं. तंबोऱ्याची तार लावणारी बोटं ती, सिरिंजचा दट्ट्या असा ढकलायचे की थेंब मोजून घ्यावेत. रात्री दोनचं फीडिंग पण तेच. वही केली होती, वेळ, किती एमएल, उलटी नाही, सगळं उर्दूत, एमएलचे आकडे तेवढे मला कळायचे. आयर्विनची पातळी तेवढ्यात 38 वर जाऊन उतरायला लागली होती, पण रस्त्यावर पाणी, तरी रोज संध्याकाळी दुरडी हजर. भूक लागावी म्हणून मी एक गोळी पण सुरू केली, माणसांना डिप्रेशनला देतात तीच, तिचा बारीकसा तुकडा. त्यानं भूक काय लागली नाही, पिंट्या रात्रभर ओरडत मात्र फिरला. चाची म्हणाल्या, बंद करा ती, गल्ली उठली. बंद केली.

सहाव्या दिवशी सकाळी चाचांचा फोन. मला वाटलं गेला.

"डॉक्टरसाब, शिंकला. नळी बाहेर."

"किती बाहेर?"

"सगळी. कपाळाला लोंबतीय. आणि ऐका ना, चाचीनं खिमा धुवायला काढला होता..."

पुढचं मला कळलंच. कॉलर घातलेला, कपाळाला नळी लोंबणारा बोका मोरीत शिरून पातेल्यात तोंड घालून बसला होता. कच्चा खिमा, मी देऊ नका म्हणून सांगितलेला. किती खाल्ला विचारलं तर म्हणाले, चमचा दीड चमचा, काढून घेतलं तर गुरगुरला. मी म्हटलं गुरगुरला? परत सांगा. गुरगुरला म्हणाले. मी सालपे वस्तीवर एका म्हशीच्या मागं कोपरापर्यंत हात घालून उभा होतो, फोन मालकाच्या पोरानं माझ्या कानाला धरलेला, आणि मी एवढा मोठ्यानं हसलो की म्हैस पुढं सरकली.

कानातला पिवळेपणा जायला पुढं दोन-अडीच आठवडे लागले. पण त्याआधी एक राहिलं होतं, आतडीला तीन छेद दिलेले, त्यामुळं शी व्यवस्थित झाल्याशिवाय मला चैन नव्हतं, आणि चाचांना मी निदान दहा वेळा बजावलं होतं की झाली की कळवा. त्या रविवारी मेहुणीच्या पोरीचा साखरपुडा, पंगतीत बसलेलो, पानात श्रीखंड पडलेलं, आणि व्हॉट्सॲपवर टिंग. तीन फोटो. एक लांबनं, एक जवळनं, आणि एक शेजारी फूटपट्टी ठेवून, सतारीची मापं घेतात तसली स्टीलची. मी झूम करून बघितलं. बारीक, काळपट, पण घट्ट, आणि रक्त नाही. बायकोला म्हटलं, बघ बघ. तिनं बघितलं आणि उठून दुसऱ्या पंगतीत जाऊन बसली.