घडीची खाट

खाट झोपायला घेतात, हा तरुणपणीचा गैरसमज. पन्नाशीनंतर खाट उठायला घेतात.

मला हे राजमाचीच्या पठारावर कळलं. तंबूत पातळ मॅटवर रात्र बरी गेली होती. पहाटे बाहेर पडायचं म्हणून कुशीवर वळलो, मग कोपरावर आलो, मग गुडघ्यांवर, मग चारी पायांवर. तिथे जरा थांबलो, कारण पुढची पायरी आठवेना. हरिश्चंद्रगडाच्या गुहेत दगडावर सतरंजी टाकून झोपणारा आणि उजाडताच कोकणकड्यावर पळणारा हाच तो देह. शेवटी चिरंजीवांनी काखेत हात घालून उभं केलं. वर "बाबा, सावकाश" म्हणाले. सगळ्यात जास्त तेच लागलं.

घडीची खाट मला नवी नाही. आमच्या दोन खोल्यांच्या घरात दाराआड एक कायम उभी असायची. लोखंडी नळ्या आणि हिरव्या-पांढऱ्या नायलॉनच्या पट्ट्या. पाहुणा आला की ती करकरत उघडायची आणि उघडणाऱ्याचं एखादं बोट चिमटायची. पुस्तकासारखी मधोमध मिटायची, त्यामुळे आडवा दांडा नेमका कमरेखाली यायचा. पट्ट्या वर्षागणिक सैल पडत, दांडा मात्र जागच्या जागी. सकाळी पाहुण्याला "झोप लागली ना?" विचारलं की तो "हो हो" म्हणायचा आणि दुपारच्या गाडीने निघायचा. आईची त्या खाटेबद्दल तक्रार नव्हती, यात काही हेतू होता की काय, ही शंका मला फार उशिरा आली.

इजिप्तच्या तुतनखामेन राजाच्या थडग्यात, जे 1922 साली सापडलं, त्यातही घडीची खाट होती. ती तीन भागांत मिटायची. म्हणजे सांधा बरोबर मध्यावर येत नाही. सव्वातीन हजार वर्षांपूर्वीच्या सुताराला जे सुचलं, ते आमच्या खाटवाल्याला का सुचू नये?

तर दुकानात गेलो. दुकानातल्या मुलाने आधी हलकी खाट काढली. अॅल्युमिनियमची, अडीच किलोची, गुंडाळली की बगलेत मावणारी. उंची जेमतेम वीतभर. "काका, ट्रेकिंगला सगळे हीच नेतात." मी म्हटलं, वीतभर उंचीवरून उठणं आणि जमिनीवरून उठणं यात फरक काय? तो गप्प झाला. त्या वयात गुडघे हा शब्द अभ्यासक्रमात नसतो.

मग आतून दुसरी आणली. पोलादी नळ्यांची, फुलीच्या पायांची, सात किलोची, गुडघ्याला लागेल इतकी उंच. "दीडशे किलो वजन घेते आणि कापड सहाशे डी आहे." डी म्हणजे डेनियर हे त्याला ठाऊक होतं, पुढचं नव्हतं. मी नंतर शोधलं: नऊ किलोमीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. म्हणजे स्वारगेटहून धायरीच्या आसपास पोचेल एवढा धागा घेतला तर तो सहाशे ग्रॅम भरेल. जेवढा जाड, तेवढा दणकट. दीडशे किलोचं मात्र खरं मानू नये. ते अंगभर पसरून झोपलेल्या माणसाचं. तोच माणूस बुड टेकवून एका जागी बसला की हिशेब बदलतो, आणि अगदी टोकाला बसला तर खाटेचं दुसरं टोक वर येतं.

"झोपून बघू का?" मी विचारलं. त्याने बुटांखाली वर्तमानपत्र ठेवलं. गिऱ्हाइकं बघत असताना दुकानात डोळे मिटून पडायला धैर्य लागतं. पण त्याशिवाय खाट कळत नाही. पाठीवर पडून सगळ्याच चांगल्या वाटतात, म्हणून कुशीवर वळून पाहावं. खालच्या खांद्याला बाजूची नळी लागते का, कमरेशी झोळी होते का, ते तेव्हाच समजतं. तीन वेळा वळलो आणि तीन वेळा उठलो. तिसऱ्यांदा हात न टेकता. पैसे दिले.

पवनेच्या काठावर डिसेंबरात ती पहिल्यांदा उघडली. दोन्ही टोकांना एकेक आडवा दांडा बसवायचा असतो. पहिला लगेच बसतो. दुसऱ्यापर्यंत कापड इतकं ताणलेलं असतं की शेवटचा इंचभर येतच नाही. टॉर्च दातात धरून, एक पाय नळीला लावून ओढला, तेव्हा बसला. पायांनी तंबूच्या तळाला भोकं पडू नयेत म्हणून जुन्या स्लिपरचे चौकोनी तुकडे कापून नेले होते. ही युक्ती माझी स्वतःची, आणि मला तिचा खाटेपेक्षा जास्त अभिमान आहे.

खाट बघून ही म्हणाली, "बाज आणलीत, आता खाली शेगडी ठेवू का?" बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी का ठेवत, ते मला रात्री दोन वाजता कळलं. उंच खाटेखालून गार वारा फिरतो, आणि स्लीपिंग बॅगचा पाठीखालचा भाग दबून पापड झालेला असतो, तो ऊब धरत नाही. वर तीन पांघरुणं आणि पाठ बर्फ. बंद तंबूत शेगडी म्हणजे जिवाशी खेळ, तेव्हा अंगावरची आईची गोधडी काढून पाठीखाली घातली. पाच मिनिटांत घाम आला.

दुसऱ्या रात्री ही म्हणाली, "अहो, बघू तरी कशी आहे. पाचच मिनिटं." दहाव्या मिनिटाला तिचं घोरणं सुरू झालं. गोधडीही तिच्याखालीच. मी खाली मॅटवर.

सकाळी कुशीवर वळलो, कोपरावर आलो, गुडघ्यांवर आलो आणि तिच्या खाटेची नळी धरून उभा राहिलो. नळी जराही हलली नाही. ही पण नाही.