तुम्ही विचारलंत म्हणून: सिसेरोच का?

"एवढे रोमन पडलेत, मॅडम, त्यात तुम्हाला सिसेरोच कसा आवडतो? आज पॉम्पी, उद्या सीझर, आणि उरलेल्या वेळात स्वतःचेच पोवाडे!" वर्गात मुलं विचारतात, स्टाफरूममध्ये सहकारी विचारतात. उत्तर ऐकायला कुणी थांबत नाही, म्हणून लिहूनच टाकते. सिसेरो म्हणजे इ.स.पू. पहिल्या शतकातला रोमचा वक्ता, राजकारणी आणि लेखक.

आरोप मला पाठ आहेत. यादवी युद्धात तो पॉम्पीच्या बाजूला होता. फार्सेलसला सीझरने पॉम्पीचा पराभव केल्यावर तो इटलीतल्या ब्रुंडिसियम बंदरात जवळजवळ वर्षभर सीझरच्या माफीची वाट पाहत बसला. त्याच पक्षातल्या केटोने मात्र आफ्रिकेतल्या युटिकात सीझरची माफी घेण्यापेक्षा मरण पत्करलं. विशीत मीही केटोच्या बाजूची होते. न वाकणारा तोच मोठा, असं तेव्हा ठाम वाटायचं. आज त्या मुलीशी माझं भांडण आहे. केटोच्या शेवटच्या रात्रीबद्दल आपल्याला दुसरे सांगतात. सिसेरोची घालमेल मात्र तो स्वतः सांगतो, मित्राला, अॅटिकसला, काही न लपवता. ही पत्रं १३४५मध्ये व्हेरोनात इटालियन कवी पेट्रार्कला सापडली, तेव्हा तोही इतका दुखावला, की शतकांपूर्वी मेलेल्या सिसेरोला त्याने जाब विचारणारं पत्र लिहिलं. तुमचा प्रश्न निदान तेवढा तरी जुना आहे.

माझं उत्तर इ.स.पू. ४५मधलं आहे. फेब्रुवारीत त्याची लाडकी लेक तुलिया बाळंतपणानंतर रोमजवळच्या टस्कुलमच्या घरी वारली. त्या घरात त्याला राहवेना. आधी तो रोममध्ये अॅटिकसकडे राहिला आणि दुःख हलकं करण्याबद्दल कुणी जे जे लिहिलं होतं ते सगळं त्याने तिथे वाचून काढलं. उपयोग झाला नाही. मग समुद्राकाठी अस्तुराला गेला. तिथून जवळजवळ रोज पत्र. सकाळी दाट रानात शिरतो, संध्याकाळपर्यंत बाहेर पडत नाही. बोलतो ते फक्त पुस्तकांशी, आणि त्यातही मध्येच रडू येतं. स्वतःचं सांत्वन करणारा ग्रंथ त्याने स्वतःच लिहिला (तो आज हरवला आहे). दिवसभर लिहितो, त्याने बरं वाटतं असं नाही, पण तेवढा वेळ मन गुंततं, असं तो कळवतो. तुलियाची समाधी नको, मंदिरच हवं, म्हणून टायबरपलीकडच्या बागांचे भाव काढत राहतो. ते मंदिर काही झालं नाही.

आणि लोक? त्याचा मित्र ब्रूटस याने समजुतीचं पत्र पाठवलं, त्याने रडूच जास्त आलं. रोममध्ये कुजबुज: इतका शोक शोभत नाही, फोरममध्ये, म्हणजे शहराच्या मुख्य चौकात, यायला हवं. मे महिन्यात त्याने उत्तर दिलं: "मला नावं ठेवणाऱ्या या आनंदी मंडळींना मी लिहिलंय तेवढं वाचूनही होणार नाही!" माझी आई गेल्यावर तेरावा झाला आणि "आता सावर" सुरू झालं. दोन महिन्यांनी तर घरातलीच माणसं माझ्या पुस्तकांकडे बोट दाखवून विचारू लागली, यातून काय मिळतं? तेव्हा सिसेरोचं हे वाक्य मला कुणीतरी पाठीवर हात ठेवावा तसं भेटलं. तुलिया गेली त्याच वर्षी आणि पुढच्या वर्षी, टस्कुलमचे संवाद, देवांच्या स्वरूपावरचा ग्रंथ, मुलासाठी लिहिलेला कर्तव्यांवरचा ग्रंथ असं सिसेरोने लिहून काढलं. ज्याला तुम्ही डळमळीत म्हणता तो माणूस डळमळतच काम करत होता, आणि इ.स.पू. ४४मध्ये सीझरच्या खुनानंतर प्रबळ झालेल्या अँटनीविरुद्ध उभा राहिला तोही हाच.

पण म्हणून मी त्याची वकील नाही. त्याच अस्तुराहून तो अॅटिकसला विचारतो, पब्लिलिया, म्हणजे नुकतीच लग्न करून आणलेली कोवळ्या वयाची बायको, आईला घेऊन भेटायला येऊ म्हणते, तर ती केव्हापर्यंत टाळता येईल? लेकीसाठी मंदिर आणि या मुलीसाठी दार बंद. पुढे काडीमोड झाला. हे मला आजही वाचवत नाही. आणि तो कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी, असताना इ.स.पू. ६३च्या ५ डिसेंबरला कॅटिलिनच्या कटातले म्हणून खटल्याशिवाय गळा आवळून मारलेले ते पाच जण? शहर वाचवलं, असं तो म्हणतो. कधी मला ते पटतं. कधी वर्गात ते पान काढते आणि मुलं म्हणतात, मॅडम, हे चूकच, तेव्हा मी त्यांच्याशी वाद घालत नाही.